धूळ काही बहात्तरपट लहान होत नाही

स्पिटफायर विमानाचा पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११.२३ मीटर भरतो. १/७२ च्या मापात तो १५.६ सेंटिमीटर होतो, आणि पावणेदोन मीटर उंचीचा वैमानिक जेमतेम २४ मिलिमीटरचा. चाकं, काच, रिव्हेट, सगळं त्याच हिशेबाने आक्रसतं. आक्रसत नाही ते बांधणाऱ्याचं बोट, गोंदाचा थेंब, रंगाचा थर आणि धुळीचा कण. स्केल मॉडेलचा छंद म्हणजे या चौघांशी चाललेली भांडणं, आणि मजाही त्यातच आहे.

बहात्तर हा आकडा आला इंच-फुटांतून: सहा फुटांना एक इंच. १९३६ साली ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग’ या मॉडेलच्या ब्रँडने ‘पेंग्विन’ नावाने प्लॅस्टिकची किट काढली ती याच मापात. १/४८ म्हणजे फुटाला पाव इंच. रणगाडेवाले १/३५ धरून बसतात, जहाजवाले १/३५० किंवा १/७००. पहिल्या किटसाठी १/४८ चं एक इंजिन असलेलं विमान बरं. लहान मॉडेल सोपं असतं हा गैरसमज आहे. माप लहान झालं की चूक मोठी दिसते.

खोका उघडल्यावर सुटे भाग स्प्रूच्या, म्हणजे साच्यातून आलेल्या प्लॅस्टिकच्या काड्यांच्या, चौकटीला लगडलेले असतात. कापायच्या आधी अख्खी चौकट कोमट पाण्यात, भांड्यांचा साबण टाकून, जुन्या टूथब्रशने धुवायची. साच्यातून प्लॅस्टिक सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असू शकतो, आणि तो राहिला की पुढे रंग धरत नाही. भाग पिरगळून तोडायचा नाही. निपरने, म्हणजे छोट्या कापणाऱ्या पकडीने, आधी थोडं लांबून कापायचं, मग उरलेला कोंब जवळून कापून ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करायचा. एकदम भागाला लागून कापलं की प्लॅस्टिक ताणलं जाऊन तिथे पांढरा डाग पडतो, कधी टवकाही उडतो. बारीक भाग चिमट्याने दाबून धरला की टिचकी मारल्यासारखा उडतो आणि फरशीवर नाहीसा होतो. म्हणून चिमटा हलक्या हाताने धरायचा आणि खाली एका रंगाचं कापड अंथरायचं.

गोंद म्हणतात त्याला, पण पातळ प्लॅस्टिक सिमेंट हा खरं तर द्रावक आहे. दोन अर्धी धडं कोरडीच जुळवून धरायची, ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं, आणि सिमेंट आपसूक फटीतून धावत जातं. दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. मग किंचित दाबलं की सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची केसाएवढी रेघ वर येते. ती आली म्हणजे सांधा भरला. पण त्याच वेळी बोट सांध्यावर असेल तर सिमेंट बोटाखालीही पळतं, आणि ठसा सरळ प्लॅस्टिकमध्ये उमटतो. अशा वेळी पुसायचं नाही. पुसलं की ठशाचा चिखल होतो. तसंच सोडायचं, वाळलं की घासायचं.

वाळलं म्हणजे किती? निदान चोवीस तास. घाई करणाऱ्याला सांधा दोन तासांत कडक लागतो, तो घासून गुळगुळीत करतो, वर रंगही देतो. आत मऊ राहिलेलं प्लॅस्टिक मात्र पुढचे काही दिवस आक्रसत राहतं, आणि आठवड्याने पाठीवरून बारीक घळ दिसू लागते. वेळही बहात्तरपट लहान होत नाही, हे पहिल्या किटमध्येच कळतं.

कॉकपिटची काच हे वेगळंच प्रकरण. सुपरग्लूची वाफ काचेवर बसली की आतून धुकं धरतं, तेही नेमकं धड बंद झाल्यावर लक्षात येतं. काचेला साधा पांढरा गोंद वापरावा: पकड कमी, पण वाळल्यावर पारदर्शक, आणि चुकलं तर ओल्या ब्रशने निघतो. पुढे नाकाखाली चाक असलेल्या विमानात धड मिटण्याआधी नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर तयार विमान शेपटीवर बसतं. हे वजन शिशाचं असेल तर तिथे मात्र पांढरा गोंद नको. शिसं आणि तो गोंद यांची वर्षानुवर्षं प्रक्रिया होत राहते, शिसं फुगतं आणि सांधा उकलतो. वजन इपॉक्सीने बसवावं.

आता रंग. एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, नीट मारलेला पातळ थर साधारण ०.०२ मिलिमीटर धरू. त्याला ७२ ने गुणा: जवळजवळ दीड मिलिमीटर. खऱ्या विमानाचा पत्राच कित्येक ठिकाणी याहून पातळ असतो! प्रायमर, रंग, चकचकीत वार्निश, मॅट वार्निश असे चार थर झाले की आपण त्या विमानाला सहा मिलिमीटरचा गिलावा केलेला असतो. पत्र्यांच्या जोडरेघा बुजतात त्या यामुळे. म्हणून रंग दुधाइतका पातळ करायचा, ०.३ मिलिमीटरचा नॉझल, दाब १५ ते २० पीएसआय, आणि एका जाड थराऐवजी तीन-चार विरळ फवारे. फार लांबून मारलं तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. फार जवळून मारलं तर ओघळ येतात. मूळ रंगात चार थेंब पांढरा घालावा की नाही यावर मॉडेलवाल्यांत कायमचे दोन तट आहेत. घालणाऱ्यांचं म्हणणं असं की एक फुटावरून मॉडेल बघणं म्हणजे खरं विमान सुमारे बावीस मीटरवरून बघणं, आणि तेवढ्या अंतरावर रंग थोडा फिका दिसतो. हिशेब बरोबर आहे. पण हे नियम म्हणून करू नये, डोळ्याला पटलं तरच करावं.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं, मॅट रंगावर कधीच लावू नयेत. मॅट रंग म्हणजे बारीक खडबडीतपणा. त्याच्या खाचांत हवा अडकते आणि डिकलच्या कडेखाली चांदीसारखी चमक दिसते. आधी चकचकीत वार्निश, मग डिकल, मग मऊ करणारं द्रावण. ते लावल्यावर डिकल सुरकुततं आणि नवशिक्याचा जीव वर-खाली होतो. हात लावायचा नाही. सुकताना ते आपोआप ताणून बसतं आणि खालच्या जोडरेघा त्यातून उमटतात.

सगळ्यात शेवटी एरियलची, म्हणजे विमानाच्या रेडिओ अँटेनाची, तार. खरी तार तीन मिलिमीटरची धरली तर १/७२ मध्ये ती ०.०४ मिलिमीटर होते, माणसाचा केसही बहुधा त्याहून जाड. इथे उरलेला स्प्रू कामाला येतो. त्याचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत गरम करायचा. मध्यभाग लवलवू लागला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सरळ ओढायचा. भरभर ओढला तर तार बारीक निघते, संथ ओढला तर जाड. पहिल्या पाच-सहा तुटतात.

मॉडेल काचेच्या पेटीत ठेवणं उत्तम. उघड्या फळीवर ठेवलं तर ०.१ मिलिमीटरचा धुळीचा कण त्या पंखावर सात मिलिमीटरच्या खडीसारखा पडून असतो. मऊ ब्रशने झटकता येतो. झटकताना एरियलची तार हमखास तुटते. म्हणून किट बांधून झालं तरी रिकामा स्प्रू कोणी टाकत नाही.