हापशीचे पाणी आणि बोरॉनची रिकामी जागा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी एका हापशीला लाल रंग दिलेला आहे; तिच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असल्याने ते पिऊ नये, असा त्याचा अर्थ. उन्हाळ्यात विहीर आटली की त्या रंगाकडे कोणी बघत नाही. परवा माझी मोठी आई तिथेच म्हणाली, "हे पाणी प्याचं का नाही, तुह्या मोबाइलले नाही समजत का रे?" प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही.

हल्लीच्या बऱ्याच मोबाइलचा पडदा सेंद्रिय पदार्थांनी उजळतो. (आमच्याकडे सेंद्रिय म्हटले की शेणखत आठवते, येथे अर्थ कार्बनी संयुगे एवढाच.) अत्यंत पातळ थरांत एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनच्या उणिवा, म्हणजे होल, येतात आणि दोहोंच्या मीलनातून प्रकाश बाहेर पडतो. कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये ॲल्युमिनियमच्या एका सेंद्रिय संयुगातून असा हिरवा प्रकाश 10 व्होल्टपेक्षा कमी दाबावर मिळवून दाखवला.

या पदार्थांपैकी मला सर्वांत वेधक वाटतात ती ट्रायअरिलबोरेन. त्यांच्यात बोरॉनभोवती तीन बेंझिनसारखी वलये असतात आणि खुद्द बोरॉनपाशी इलेक्ट्रॉनसाठी एक कक्षा रिकामी असते. त्या रिकामपणामुळेच ती इलेक्ट्रॉन सहज स्वीकारतात आणि अशा पडद्यांसाठी अभ्यासली जातात. पण त्याच जागी फ्लोराईड, म्हणजे फ्लोरिनचा ऋणभारित आयन (भार असलेला कण), येऊन बसला, तर वलयांमधला इलेक्ट्रॉनांचा दुवा तुटतो आणि रेणूच्या प्रकाशाचा रंग बदलतो किंवा तो मंदावतो. वलयांवर आडदांड गट जोडले की क्लोराईडसारख्या मोठ्या आयनाला आत शिरता येत नाही. चिमुकला फ्लोराईड मात्र शिरतो, आणि सायनाइडही.

अडचण पाण्याचीच आहे. पाण्यात फ्लोराईडला पाण्याचे रेणू इतके घट्ट वेढतात की साधे बोरेन त्याला ओढून घेऊ शकत नाही. टेक्सासमधले रसायनशास्त्रज्ञ फ्रान्स्वा गॅबाई यांच्या गटाने रेणूवर धनभार जोडून ही ओढ वाढवली, आणि पाण्यातला थोडा फ्लोराईडही पकडता येऊ लागला. आपल्याकडची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तेव्हा 1.5.

तरीही मोठ्या आईला मी सध्या शाळेतल्या तपासणी संचाकडेच पाठवीन. त्यात फ्लोराईड रंगद्रव्यापासून झिरकोनियम हिरावून घेतो आणि लाल रंग फिका पडतो. बोरेनची चमक पाहायला लागतो तशा दिव्याची गरज लागत नाही, उजेडात डोळ्यांनी दिसते. फक्त गेल्या उन्हाळ्यात त्या संचातल्या द्रावणाची मुदत संपलेली निघाली.