चोडणचा चिखल बाटलीत: पावसाळ्यानंतरची नोंद

मे महिन्यात खाडीचा चिखल भरलेल्या बरणीत जीवाणूंचा जांभळा पट्टा अखेर धरला. श्रावणात तळाचा काळा रंग वर चढत होता आणि मधूनच विटकरी डाग उमटत होते. आता चिखलाच्या वरच्या कडेखाली, काचेला चिकटून, पिकलेल्या कोकमाच्या रंगाचा सलग पट्टा आहे. खाली काळं, मधे जांभळं, पाण्याजवळ हिरवं. मला हवा होता तो क्रम मिळाला.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी कृती: काचेची उंच बरणी, खाडीचा चिखल, वर्तमानपत्राचे कपटे, अंड्याच्या टरफलांची पूड, वर चार बोटं खाडीचंच पाणी. झाकण सैल ठेवायचं, कारण आत वायू तयार होतो. याला विनोग्राड्स्की स्तंभ म्हणतात. गंधकाच्या संयुगांपासून ऊर्जा मिळवून जगणारे जीवाणू असतात, हे सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८८७ साली दाखवलं. चिखल मी गोव्यातल्या चोडण बेटावरून, मामांच्या खाजनातून (खाडीकाठची, बांध घातलेली खारी शेतजमीन), तिथल्या पोंयीच्या म्हणजे बांधाआतल्या तळ्याच्या काठावरून, त्यांना विचारून आणला. पलीकडच्या पक्षी अभयारण्यातून काहीही उचलू नका.

आत काय चाललंय? तळाशी प्राणवायू संपलेला असतो. तिथले जीवाणू कागद कुजवतात. कुजण्यातून निघालेले पदार्थ दुसरे जीवाणू खातात आणि श्वासासाठी प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, म्हणजे ओहोटीला तिवरांखालून येतो तोच सडक्या अंड्याचा वास. आपल्याकडच्या जांभ्या मातीत लोह भरपूर, म्हणून त्याचं काळं लोह-सल्फाइड लगेच बनतं. उरलेला वायू वर सरकतो. झाडं प्रकाशसंश्लेषणात पाणी वापरतात, तिथे जांभळे जीवाणू हाच वायू वापरतात. गंधक परत सल्फेट होतं आणि तळाकडे झिरपतं. तोच गंधकाचा अणू बरणीत कितीही फेऱ्या मारू शकतो.

ऊर्जेचं तसं नाही, आणि या छंदात मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट हीच आहे. बरणीची अर्धी बाजू मी काळ्या कागदाने झाकली होती. परवा कागद काढला. चिखल तोच, वायू तोच, पण झाकलेल्या बाजूला जांभळा ठिपकासुद्धा नाही, निव्वळ काळं. तिथेही जीव आहेत. ते वर्तमानपत्राच्या लगद्यात साठलेल्या, कुठल्या तरी जंगलावर पूर्वी पडलेल्या उन्हावर जगताहेत. कागद संपला की तेही मंदावतील. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णता होऊन काचेबाहेर जाते आणि ती परत येत नाही. खाजनातही हाच हिशेब: तिवराचं पान, त्यावरचे जीवाणू, कुर्ली (खेकडा), सुंगट (कोळंबी), बगळा. पानातलं नत्र चिखलात परततं. ऊन मात्र रोज नवं लागतं.

दुसरी बरणी ऑगस्टची, त्याच पोंयीतली. तिच्यात सल्फेटसाठी घालतात ते प्लास्टर ऑफ पॅरिस (म्हणजे कॅल्शियम सल्फेट) मुद्दाम घातलं नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. पावसाळ्यात मांडवी जवळजवळ गोडी होते, तेव्हा त्यातलं फारच थोडं उरतं. बरणी आजही राखाडी आहे. काळे ठिपके विरळ, वास जवळजवळ नाही, पण चिखलाला भेगा पडून बुडबुडे वर येतात. सल्फेट मुबलक असलं की सल्फेटवाले जीवाणू मिथेनवाल्यांच्या, म्हणजे मिथेन वायू बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या, तोंडचा हायड्रोजन पळवतात. सल्फेट कमी झालं की मिथेनवाल्यांना मोकळीक मिळते. माझ्या मते तेच चाललंय. खात्रीसाठी या बरणीत आता चिमूटभर प्लास्टर टाकलं आहे. काळेपणा वाढून बुडबुडे कमी झाले, तर अंदाज बरोबर.

मामांना बरण्या दाखवल्या. ते म्हणाले, "बांध फुटून खाजन उघडं पडलं, सुकलं, की माती आंबट होते आणि कोरगुटसुद्धा नीट येत नाही." (कोरगुट म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणारं भात.) हे रसायन आमच्या बरणीतलंच, उलट्या दिशेने: सल्फाइडला हवा लागली की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. म्हणून आणखी एका, तिसऱ्या बरणीतला काळा चिखल ताटलीत पसरून वाळवायला ठेवला आहे. लिटमस कागद आणून ठेवलाय. रत्नागिरी-मालवणकडे कुणी हे करून पाहिलं असेल, तर चिखल भरतीच्या रेषेवरचा होता की खालचा, ते आवर्जून कळवा. आणि बरणी थेट दुपारच्या उन्हात ठेवू नका, पाणी तापून वरचा हिरवा थर मरतो. उत्तरेची खिडकी पुरते.