तुम्ही विचारलंत म्हणून: लॉग 'वॉर्न'वरच का?

टीममध्ये नवीन कुणी आलं की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न ठरलेला: "तुमची फॉर्मची लायब्ररी कन्सोलमध्ये (ब्राउझरात एफ-१२ दाबल्यावर दिसणाऱ्या नोंदींच्या खिडकीत) काहीच बोलत नाही. डीबगवर ठेवा ना सरळ." एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे ही माझी लहर नाही. आत आपण लॉगलेव्हल ही लायब्ररी वापरतो. तिच्यात लॉगच्या, म्हणजे प्रोग्रॅम काय करतोय त्या नोंदींच्या, लेव्हल आहेत: ट्रेस ० म्हणजे सगळं बोलायचं आणि सायलेंट ५ म्हणजे गप्प. मधे डीबग, इन्फो, वॉर्न, एरर. तिचा स्वतःचाच डीफॉल्ट वॉर्न आहे, म्हणजे फक्त इशारे आणि चुका. (बॅकएंडवाले पिनो या दुसऱ्या लॉग लायब्ररीच्या सवयीने इन्फोसाठी ३० लिहितात आणि लॉगलेव्हल एरर फेकते. त्यात माझा काय दोष?) बंद लेव्हलच्या जागी ती रिकामं फंक्शन ठेवते, पण कंसात तुम्ही अख्खा फॉर्म स्ट्रिंगिफाय करून, म्हणजे मजकुरात बदलून, टाकला असेल तर ते काम होतंच. म्हणजे 'बंद आहे, फुकट आहे' हेही खरं नाही.

पण खरं कारण हे नाही. खरं कारण एका पतसंस्थेच्या काउंटरवरचा पीसी आहे.

तिथल्या ताईंचा फॉर्म सेव्ह होत नव्हता. मी फोनवर म्हणालो, "ताई, एफ-१२ दाबा, मग सांगतो ते टाइप करा." लेव्हल बदलायची आज्ञा: सेटलेव्हल, कंसात ट्रेस. अक्षर-अक्षर सांगून दहा मिनिटं गेली. बग सापडला, मी खूश. "आता रिफ्रेश करा, झालं," म्हणालो. पुढच्याच रिलीजमध्ये डीफॉल्ट पुन्हा वॉर्न करून टाकला आणि विषय विसरलो.

तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. तक्रार भलतीच, पावतीवर तारीख चुकीची. फोटोत स्क्रीनचा उजवा अर्धा भाग कन्सोलने भरलेला. मी झूम केलं. 'फॉर्म बदलला', पुढे नाव, मोबाइल, पॅन. खाली दुसरा माणूस. खाली तिसरा. ती ओळ मीच लिहिलेली, डीबग लेव्हलवर, "इथे कोण बघणार" म्हणून. आणि फोटो माझ्याकडे पोचेपर्यंत दोन ग्रुपमधून फिरून आला होता.

फोन केला. ताई म्हणाल्या, "रोज सकाळी एफ-१२ दाबूनच लॉगिन करते. तुम्हीच सांगितलं होतं ना सर? मॉनिटरला चिठ्ठी लावलीय."

मला आधी रागच आला, त्यांचा नाही, लायब्ररीचा. नवी आवृत्ती तिथे पोचली होती, मग ट्रेस कुठून? लोकलस्टोरेजमधून, म्हणजे ब्राउझर त्याच पीसीवर गोष्टी साठवून ठेवतो तिथून. सेटलेव्हलला कंसात लेव्हलनंतर दुसरं आर्ग्युमेंट 'फॉल्स' दिलं नाही तर ते लेव्हल साठवून ठेवतं, आणि डीफॉल्ट ठरवणारं सेटडीफॉल्टलेव्हल साठवलेल्या लेव्हलपुढे गप्प बसतं. हे सगळं लायब्ररीच्या रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलमध्ये, लिहिलेलं आहे. मी वाचलंही होतं. तेव्हा 'किती सोयीचं' असं वाटलं होतं.

त्या काळातला मी छातीठोकपणे सांगायचो की लॉग जितका जास्त तितकं बरं, लपवायचं काय? त्याला आज विचारावंसं वाटतं: कुणाचं लपवायचं नाही? तुझं की त्या खातेदाराचं? तो म्हणेल, मग ती ओळ काढ, लेव्हलला का दोष देतोस? बरोबर आहे त्याचं. ओळ काढली. तशा आणखी अकरा निघाल्या. बारावी नसेलच असं मी म्हणणार नाही, म्हणून वॉर्न.

त्यानंतर मी सगळीकडे दुसरं आर्ग्युमेंट 'फॉल्स' केलं, म्हणजे पान बंद झालं की लेव्हल गेली. मग लॉगिनचा बग आला. लॉगिननंतर पान नव्याने लोड होतं, आणि नेमकं तेव्हाच लॉग हवे. 'फॉल्स'मुळे ते मिळेनात. दोन दिवस आंधळेपणाने शोधत बसलो. शेवटी पुन्हा ताईंना फोन, पुन्हा ट्रेस, या वेळी साठवून.

"चिठ्ठी परत लावू का?" त्यांनी विचारलं.

नको म्हणालो, बग मिळाला की लगेच काढायला फोन करतो. बग गुरुवारी मिळाला. आज मंगळवार आहे, आणि हे लिहिताना आठवलं.