गुणांसाठी कोण सांगतंय?

'जुने लोक माहिती दाबून ठेवतात' हे वाक्य मिटिंगमध्ये ऐकलं की मला हसू येतं. मी मेंटेनन्समध्ये आहे. आमच्यातले सगळ्यात जुने फिटर दाबून ठेवणाऱ्यांच्या यादीत पहिले. पण रात्रपाळीत नवा पोरगा पंपापाशी गोंधळून उभा दिसला की हेच काका स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतात आणि मूठ त्याच्या कानाशी धरायला लावतात. 'सलग घूं येतंय तोवर ठीक. खरखर आली की ग्रीस बघ. टकटक लागली तर थांबू नको, सुपरवायझरला उठव.' मग त्याला शेजारच्या धडधाकट पंपाकडे नेतात, कारण चांगला आवाज कानात बसल्याशिवाय वाईट ओळखू येत नाही.

हे का करता, असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, 'त्यानं विचारलं म्हणून. आणि नाही शिकवलं तर रात्री दोनला फोन मलाच येणार ना!' मला दोन्ही कारणं सारखीच खरी वाटतात. परोपकार वगैरे शब्द उगाच मध्ये आणायला नकोत.

आता हेच काका एका इंजिनिअरला काही सांगत नाहीत. त्यानं त्यांची युक्ती प्रेझेंटेशनमध्ये स्वतःची म्हणून खपवली, तेव्हापासून 'बघून सांगतो' एवढंच उत्तर. २०१२ मध्ये संशोधक कॅथरीन कॉनेली आणि सहकाऱ्यांनी अशा लपवण्याचे तीन प्रकार सांगितले: माहीतच नाही असं दाखवणं, टोलवाटोलवी करणं आणि 'सांगायची परवानगी नाही' असं कारण पुढे करणं. आमच्याकडे तिन्हींत तरबेज माणसं आहेत. पण तीच माणसं दुसऱ्या कुणाला भरभरून सांगतात, हे मिटिंगमध्ये कोणी बोलत नाही.

त्यावर आमच्या व्यवस्थापनाचा उपाय म्हणजे पोर्टल, कामातल्या युक्त्या लिहून ठेवायची कंपनीची वेबसाइट. नोंदीमागे गुण, गुणांवर बक्षीस. बघता बघता पोर्टल भरलं, 'मशिन सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठा तपासावा' असल्या नोंदींनी! कोरियातल्या २७ संस्थांमधल्या १५४ व्यवस्थापकांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बक्षिसाच्या अपेक्षेनं ज्ञान वाटण्याबद्दलची वृत्ती उलट खालावलेली दिसली. आपसातले संबंध टिकतील, वाढतील या अपेक्षेनं मात्र ती सुधारली होती.

झेरॉक्स कंपनीची गोष्ट आमच्या कामाला जास्त जवळची. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ कॉपियर दुरुस्त करणाऱ्यांबरोबर हिंडले, तेव्हा त्यांना दिसलं की मॅन्युअलमध्ये न सापडणारे बिघाड ही माणसं एकमेकांना सांगितलेल्या किश्शांवरून सोडवतात. पुढे १९९० च्या दशकात तिथे दुरुस्तीच्या युक्त्या साठवणारी 'युरेका' ही संगणक-प्रणाली आली: तंत्रज्ञानं युक्ती लिहायची, दुसऱ्या तंत्रज्ञांनी ती तपासायची, मगच ती सगळ्यांना दिसायची. पैसे द्यायचा विषय निघाला तेव्हा तंत्रज्ञांनी पैशांपेक्षा युक्तीखाली आपलं नाव मागितलं. मला यात तपासणीचा भाग नावाइतकाच महत्त्वाचा वाटतो. 'बरोबर आहे' हे ज्याला काम येतं त्यानं म्हटलं तरच त्याला किंमत.

म्हणून मी लेखी सुचवलं: गुण काढा, नोंदीखाली नाव ठेवा, मंजुरी फिटरांकडे द्या. उत्तर आलंय, 'पुढच्या व्हर्जनमध्ये विचार करू.'