जमिनीवर रस्ता चुकतो तो कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न ठरलेला असतो: ‘मुंबईहून उडून लंडन बरोबर गाठणाऱ्या पायलटला गेटपासून धावपट्टीपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर कसे काय चुकतात?’ विचारतात थट्टेने, पण प्रश्न चांगला आहे.

हवेतला मार्ग संगणकात भरलेला असतो आणि ऑटोपायलट तो धरून ठेवतो. जमिनीवर तसलं काही नाही. कॅप्टन हाताशी असलेल्या टिलरने पुढचं चाक वळवतो आणि पिवळ्या रेघेवर नजर ठेवून जातो. शेजारच्या फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, नकाशा समोर ठेवून पुढचं वळण सांगत राहायचं. पण त्याच दहा-पंधरा मिनिटांत त्याला रेडिओ सांभाळायचा असतो, चेकलिस्ट वाचायची असते, केबिन तयार असल्याचा निरोप घ्यायचा असतो. त्यात ऐनवेळी धावपट्टी बदलली, की टेकऑफचे आकडे नव्याने भरा. मान खाली जाते. त्या अर्ध्या मिनिटात बाहेर बघणारा एकच उरतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. इंधन वाचवायला एकाच इंजिनावर टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवर विमान चालवत, असतील, तर दुसरं इंजिन सुरू करायचं कामही याच वेळात घुसतं.

उलटही होतं. रस्त्याच्या गडबडीत काम राहून जातं. १६ ऑगस्ट १९८७ ला अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या २५५ क्रमांकाच्या विमानाची धावपट्टी बदलली, एक वळण हुकलं, आणि टॅक्सीची चेकलिस्ट वाचायचीच राहिली. फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उचल देणारे पंखांचे पट्टे, न लावताच विमान उडालं. १५६ माणसं गेली.

मग रीडबॅक कशासाठी, असं विचाराल. विमानतळावरच्या कंट्रोलरने रेडिओवरून सांगितलेला मार्ग पायलट जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो तो रीडबॅक. त्याने ऐकण्यातली चूक पकडली जाते, वळण्यातली नाही. ८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुकं होतं. एका छोट्या सेसना जेटला ‘रोमिओ ५’ नावाच्या टॅक्सीच्या रस्त्याने जायला सांगितलं, त्यांनी ‘रोमिओ ५’ असंच परत सांगितलं आणि गेले मात्र ‘रोमिओ ६’ने. वाटेत त्यांनी ‘एस-४’ या खुणेजवळ आल्याचं कळवलं, पण ती खूण कुठे आहे हे कंट्रोलरला ठाऊकच नव्हतं. जमिनीवरचा रडार बंद. सेसना थेट चालू धावपट्टीवर पोहोचलं, समोरून उड्डाणाला निघालेलं एसएएस कंपनीचं एमडी-८७ हे प्रवासी विमान आलं. ११८ मृत्यू. क्रूची चूक खरी, पण विमानतळाने त्यांना चुकायला भरपूर मदत केली होती.

चुकांची दुसरी जात आहे ती गृहीत धरण्याची. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची दिशा, शेवटचं शून्य काढून. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ एकमेकींना छेदतात. २७ वर उभं राहिलात तर होकायंत्र साधारण २७० दाखवणार. २७ ऑगस्ट २००६ ला केंटकीतल्या लेक्सिंग्टनला कॉमएअर कंपनीच्या क्रूला २२ वरून उडायचं होतं. ते वळले २६ वर. टॅक्सी करताना अवांतर गप्पा चालल्या होत्या. दिवे नाहीत हे विचित्र वाटतंय, असं एक जण बोललाही, तरी विमान पळत राहिलं. २२ ची लांबी सुमारे २,१३० मीटर, २६ ची जेमतेम त्याच्या निम्मी. पन्नासातला एक वाचला. समोरच्या पडद्यावरचा दिशेचा आकडा आणि धावपट्टीचा आकडा ताडून पाहायला दोन सेकंद लागतात. आता बहुतेक क्रू हा ताळा मोठ्याने बोलून करतात.

सगळ्यात कडक जागा म्हणजे होल्डिंग पॉइंट, धावपट्टीवर जाण्याआधी थांबायची जागा. दोन सलग आणि दोन तुटक पिवळ्या रेघा. सलग रेघा तुमच्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय एक फूटही पुढे नाही. शेजारच्या लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरात धावपट्टीचा आकडा असतो. जमिनीत लाल दिव्यांची रांग पेटलेली असेल, तर कंट्रोलरने तोंडी ‘जा’ म्हटलं तरी ओलांडायची नाही. ‘दिवे लाल आहेत’ म्हणून विचारायचं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदावर तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिले, म्हणत होल्डिंग पॉइंट सी-५ पर्यंतच यायला सांगितलं होतं. ते धावपट्टीवर गेलं, आणि उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्याच्यावर आदळलं. त्या जागचे लाल दिवे तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होते.

किरकोळ चुका रोजच्या. कॉकपिट उंचावर असल्याने वेग कमी भासतो, म्हणून पडद्यावरचा ग्राउंडस्पीड बघायचा: सरळ पट्ट्यात फार तर ३० नॉट, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर, आणि काटकोनी वळणात १० नॉट. ब्रेकवर सतत पाय ठेवणारे ब्रेक तापवतात. ए-३२० विमानात ते ३०० अंश सेल्सियसवर गेले तर निवेपर्यंत टेकऑफ नाही. मोठ्या विमानात पुढचं चाक पायलटच्या मागे काही मीटरवर असतं, त्यामुळे वळताना आपण स्वतः रेघेच्या पुढे निघून जायचं आणि मग टिलर फिरवायचा. घाई केली की मागची चाकं कडेच्या गवतात. पंखांची टोकं तर दिसतही नाहीत. अंतराची शंका आली की थांबून पंखाशी माणूस मागवायचा, डोळ्यांच्या अंदाजावर जायचं नाही.

रस्ता चुकल्यासारखं वाटलं तर नियम सोपा: थांबा, पार्किंग ब्रेक लावा, टॉवरला सांगा. सांगायला जड जातं. मागे रांग असते, फ्रीक्वेन्सीवर सगळे ऐकत असतात. आणि या नियमाला एक अपवाद आहे. ३ डिसेंबर १९९० ला डेट्रॉइटच्या धुक्यात एक डीसी-९ प्रवासी विमान भरकटलं. दीर्घ आजारपणाच्या रजेवरून नुकताच परतलेला कॅप्टन फर्स्ट ऑफिसरच्या भरवशावर चालला होता, आणि हा फर्स्ट ऑफिसर स्वतःच गोंधळलेला. आपण धावपट्टीवर आहोत हे टॉवरला कळवेपर्यंत उशीर झाला. उड्डाणाला निघालेल्या बोइंग ७२७ विमानाने त्यांना धडक दिली, आठ जण गेले. म्हणून पायाखाली धावपट्टी असल्याची नुसती शंका आली तरी थांबायचं नाही. आधी बाजूला व्हायचं, आणि होता होताच टॉवरला सांगायचं.