माझ्या हेलिकॉप्टरचा रिसीव्हर बदलला, त्याचा अनुभव

डिसेंबरची कोरडी सकाळ होती. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात मी माझं टी-रेक्स ४५०, रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर, डोळ्यांच्या उंचीला हॉव्हरवर, म्हणजे हवेत एका जागी, धरलं होतं. वारा अजिबात नव्हता. आणि एकदम शेपटीनं फटकन झटका दिला. स्टिकवरचं माझं बोट हललंही नव्हतं. क्षणात ते पुन्हा सरळ झालं, मी सावकाश खाली उतरवलं, पण छातीतली धडधड बराच वेळ थांबेना. ३२५ मिलिमीटर लांबीची ती पाती मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फिरतात, टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. आणि बांधावर माझी मुलगी उभी होती.

हे हेलिकॉप्टर मी २०१० साली एका ओळखीच्या गृहस्थांकडून जुनं घेतलं. सोबत ७२ मेगाहर्ट्झचा सहा चॅनेलचा एफएम सेट होता. रिसीव्हरमध्ये चॅनेल ठरवणारा नखाएवढा क्रिस्टल खोचायचा आणि अँटेनाची मीटरभर वायर स्किडवरून (खालच्या पायांवरून) शेपटीपर्यंत ओढून न्यायची. रानात दुसरं कुणी उडवायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुमचा चॅनेल कुठला?" दोघांचा एकच निघाला तर एकानं सेट बंद ठेवून बसायचं, कारण दुसऱ्याचा ट्रान्समीटर चालू झाला की आपलं हेलिकॉप्टर गेलंच. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीच परवानामुक्त झाला होता आणि नव्या सेटमध्ये क्रिस्टलची भानगडच उरली नव्हती. पण जुनं नीट चालतंय तर हात कशाला लावा, म्हणून मी वर्षानुवर्षं ढकलत राहिलो.

आधी झटक्याचं मूळ शोधलं. माझ्या मॉडेलमध्ये टेल रोटर बेल्टवर फिरतो. बेल्ट पुलीवर सतत घासला की स्थिर वीज साचते, कोरड्या हवेत जास्तच. ती कुठंतरी ठिणगी होऊन सुटते आणि एफएम रिसीव्हरला तो आवाज आणि आपला सिग्नल यातला फरक कळत नाही. बूमपासून (शेपटीच्या दांड्यापासून) मोटरच्या बॉडीपर्यंत बारीक तार जोडली. झटके कमी झाले, संपले नाहीत. संध्याकाळी मुलीनं विचारलं, "बाबा, आता कुणाच्या अंगावर गेलं तर?" त्याच रात्री २.४ गिगाहर्ट्झचा सेट मागवला.

मला वाटलं होतं, जुनी डबी काढायची, नवी चिकटवायची, वायरी खोचायच्या. तासाभराचं काम. प्रत्यक्षात तीन रविवार गेले.

सुरुवातीलाच मोटरच्या तिन्ही वायरी ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटपासून) सोडवल्या आणि मुख्य पाती काढून ठेवली. हे केलं ते बरं केलं. जुन्या वायरींवर मी कधीकाळी नुसते आकडे लिहिलेले होते आणि जुन्या सेटमध्ये थ्रॉटल तिसऱ्या चॅनेलवर होता. नव्यात तो पहिल्यावर. फुताबा आणि जेआर या दोन कंपन्यांच्या पद्धतींमधला हा जुनाच फरक आहे. नुसते आकडे जुळवून खोचलं असतं तर थ्रॉटलची वायर एलिव्हेटरच्या (पुढं-मागं झुकवणाऱ्या चॅनेलच्या) जागी बसली असती. ती स्टिक मधोमध असते, म्हणजे बॅटरी लावताच मोटरला अर्ध्या थ्रॉटलचा हुकूम. आकडे पुसले आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नावं लिहिली.

मग स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारी तबकडी. तिच्याखाली १२० अंशांवर तीन सर्व्हो (तिला हलवणाऱ्या छोट्या मोटरी) असतात आणि पिच (पात्यांचा कोन) वाढवताना तिघांनीही एकत्र वर उचलायचं असतं. माझ्याकडे दोन वर गेले, एक खाली; प्लेट कलती झाली. त्या एका चॅनेलची दिशा उलटवली. मग एलेरॉन (डावी-उजवीकडे झुकवणारा), मग एलिव्हेटर, सगळ्यांच्या दिशा एकेक करून तपासल्या. सर्व्होचे आर्म काढून मधल्या स्टिकला काटकोनात बसवले, उरलेला एखाददुसरा अंश ट्रान्समीटरमधल्या सबट्रिमच्या सेटिंगनं काढला. पिच गेज लावून खालच्या, मधल्या आणि वरच्या स्टिकचे कोन पुन्हा बांधून घेतले. जुन्या ट्रान्समीटरमधलं एकही सेटिंग इथं उपयोगाला आलं नाही. जायरोची (शेपूट आपोआप स्थिर ठेवणाऱ्या यंत्राची) दिशा मात्र विसरू नये अशी गोष्ट: हेलिकॉप्टर हातात धरून नाक डावीकडे वळवलं की टेलनं नाक उजवीकडे ढकलणारा पिच घ्यायलाच हवा. उलटं असेल तर जमीन सोडताच ते भिंगरीसारखं फिरतं.

दुसऱ्या रविवारी व्होल्टेज. जुना एफएम रिसीव्हर व्होल्टेज खाली गेलं तर नुसता थरथरतो आणि लगेच सावरतो. नव्यात प्रोसेसर असतो, तो बंद पडला तर पुन्हा चालू होऊन ट्रान्समीटरशी जोडला जाईपर्यंत वेळ जातो, आणि हवेत तेवढा वेळ नसतो. म्हणून रिकाम्या चॅनेलवर मीटर लावला आणि दोन्ही स्टिक एकदम गरागरा फिरवल्या. पाच व्होल्टचा आकडा ४.४ पर्यंत उतरला. जमिनीवर, पातं नसताना! ईएससीतल्या जुन्या बीईसीवर (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणाऱ्या भागावर) चारही सर्व्होंचा भार जड जात होता. पाच व्होल्ट, तीन अँपिअरचा वेगळा बीईसी आणला, ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावली. मग आकडा ४.९ च्या खाली आला नाही.

वेगळा बीईसी आल्यामुळं फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय होतं ते, तपासणंही सोपं झालं. थ्रॉटलच्या जागी एक सुटा सर्व्हो खोचला, स्टिक अर्ध्यावर नेली आणि ट्रान्समीटर बंद केला. सर्व्हो तिथंच थांबून राहिला. याचा अर्थ, सिग्नल तुटला तरी मोटर फिरतच राहणार. हे पाहून अंगावर काटा आला. थ्रॉटल तळाशी ठेवून पुन्हा बाइंड केलं, म्हणजे रिसीव्हर ट्रान्समीटरशी नव्यानं जोडला, आणि ट्रान्समीटर पुन्हा बंद केला. या वेळी सर्व्हो सरळ तळाला गेला. ही तपासणी मी पाच वेळा केली.

शेवटी अँटेना. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून अँटेनाचं कामाचं टोक तिच्या चौथ्या भागाएवढं, फक्त ३१ मिलिमीटर असतं. बाकीची केबल नुसती सिग्नल वाहून नेणारी. ते टोक सरळ राहायला हवं आणि दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात. मी दोन्ही फ्रेमला लागून चिकटवल्या होत्या. रानात रेंज चेक केला, यात ट्रान्समीटरची ताकद मुद्दाम कमी होते. मुलीनं हेलिकॉप्टर हातात धरलं, मी तीस पावलं मागं गेलो आणि स्टिक हलवत राहिलो. तिला चहूबाजूंनी वळायला सांगितलं.

"हलतंय... हलतंय... बाबा, आता अडकलं!"

हेलिकॉप्टरची डावी बाजू माझ्याकडे आली की सर्व्हो अडखळत होते. फ्रेमचा कार्बन फायबर वीज वाहतो, म्हणून तो सिग्नल अडवतो. त्यात एक टोक बॅटरीच्या आडही गेलं होतं. प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या कापून टोकं त्यांत घातली, एक खाली स्किडच्या दिशेनं, दुसरी मागं बूमच्या खाली आडवी, दोन्ही फ्रेमपासून बाहेर. तीस पावलं, पूर्ण गिरकी, एकदाही अडखळलं नाही.

तिसऱ्या रविवारी त्याच रानात उडवलं. गुडघ्याच्या उंचीला दोन मिनिटं धरलं, मग डोळ्यांच्या. हवा तशीच कोरडी होती आणि बूमची तार मी काढली नव्हती. शेपूट जागची हलली नाही. मुलगी बांधाच्याही मागं, मी सांगितलेल्या जागी उभी राहून मोबाइलवर वेळ मोजत होती. "चार मिनिटं, बाबा," ती ओरडली, आणि मी खाली उतरवलं. बॅटरी सोडवल्यावर आधी त्या दोन नळ्या चाचपून पाहिल्या. मागची थोडी सैल झाली होती, तिथं एक झिप टाय वाढवला.