अण्णांची शुगर वेगळी, माझ्या लेकीची वेगळी

लेक दोन महिन्यांची होती तेव्हा तिच्या रक्तातली साखर मोजली, तर मशीनवर आकडाच आला नाही. नुसतं ‘हाय’ आलं. मशीनला मोजता येते त्याच्याही वर साखर गेली की तसं दिसतं, हे मला सिस्टरनं नंतर सांगितलं. त्याआधी बाळ सारखं दूध मागायचं, लंगोट बदलून हात दुखायचे, आणि तरी वजन काट्यावर पुढे सरकत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, वाळत घातलेल्या लंगोटांना मुंग्या लागतात. मग श्वास जोरात व्हायला लागला. पहिल्या ठिकाणी न्यूमोनिया म्हणून औषध दिलं. दुसऱ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी टाचेला टोचून साखर बघितली, आणि आम्ही थेट बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत पोचलो.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मराठी-कन्नड मिसळून आम्हाला समजावलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला शुगर झाली तर तो सहसा टाइप वन, म्हणजे मोठ्या मुलांना होतो तो इन्सुलिनवाला डायबिटीस, नसतो. त्याला निओनेटल डायबिटीस म्हणतात. साधारण लाखात एका बाळाला होतो आणि बहुतेक वेळा एकाच जनुकातल्या बिघाडानं होतो. म्हणून जनुकाची तपासणी करा, बाळाचं आणि तुम्हा दोघांचं रक्त चेन्नईला पाठवू. इन्सुलिन सुरू झालं, पोरगी शुद्धीवर आली, दूध प्यायला लागली. वडगावातल्या घरी आलो.

आणि घरी दुसरंच सुरू झालं. शेजारच्या आजी दारात बसून म्हणाल्या, “काय गे, तुज्या म्हायारात कुणाला शुगर हाय काय?” आहे. माझ्या वडलांना, अण्णांना, कित्येक वर्षं आहे, खानापूर तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या गोळ्या चालू असतात. झालं, माहेरचंच आलं म्हणायला सगळे मोकळे. सासूबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण माझी मामेबहीण आली तेव्हा तिला विचारलं, तुमच्याकडे नात्यात लग्नं करतात ना? करतात. आमचं नात्यातलं नाही, तरी विचारलंच.

मला त्याचं इतकं लागलं नाही. लागलं ते अण्णांचं. ते बाळाला बघायला येईनात. दर रविवारी खानापूरच्या बसनं येणारा माणूस. फोनवर म्हणाले, “माझं रगत आहे ते, मी कोणत्या तोंडानं येऊ?” गुळाचा चहा सोडला, बासमतीचा भात सोडला. आई रडत सांगायची.

तोवर मी वाचत होते. २००४ साली इंग्लंडच्या एक्सेटरमधल्या अ‍ॅना ग्लॉइन, अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसीएनजे-११ या जनुकातला बिघाड शोधला. स्वादुपिंडाच्या पेशीत इन्सुलिन तयार असतं, पण ते बाहेर सोडायची खूण मिळत नाही, असा तो बिघाड. आणि त्यावर ग्लिबेनक्लामाइड चालते, टाइप टू, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या शुगरला देतात ती साधी, स्वस्त गोळी. २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात ४९ पैकी ४४ जणांचं इन्सुलिन बंद झालं होतं. हे वाचून मी रात्रभर जागी होते. आमच्या पोरीचंही तसंच निघू दे, मी बसवाण्णाला नारळ बोलले.

तसं निघालं नाही. रिपोर्टात आयएनएस हे जनुक आलं. म्हणजे खुद्द इन्सुलिनचंच. या बिघाडाचा शोध २००७ मधला. शरीर इन्सुलिन बनवतं, पण त्या रेणूची घडी चुकते, तो पेशीतच अडकतो आणि हळूहळू ती पेशीच मरते. इथे गोळीचा उपयोग नाही. इन्सुलिन जन्मभर. त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले, हे लिहायला हरकत नाही.

पण त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ होती. आईच्या रक्तात हा बदल नाही. बापाच्याही नाही. म्हणजे तो बाळात नव्यानंच झाला. डॉक्टर म्हणाले, आयएनएसच्या बऱ्याच बाळांत असंच असतं. कोणाकडून आलेलं नसतं.

हे आमचे यंत्रमागावर काम करतात, फार बोलत नाहीत. त्या रविवारी रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून एकटेच खानापूरला गेले. अण्णांच्या समोर बसून एकेक ओळ मराठीत करून सांगितली. आईनं मला नंतर सांगितलं, काय म्हणाले ते: “अण्णा, दोन्हीकडचं सूत चांगलंच होतं. विणताना एक तार चुकली, त्याला सूत देणारा काय करणार? तुमची शुगर टाइप टू, ती वेगळी. हिची वेगळी.” अण्णांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि इंग्रजी येत नसतानाही सगळा बघितला. पुढच्या रविवारी आले. येताना माझ्यासाठी कुंदा आणला. बाळाला मांडीवर घेऊन दुपारभर बसले.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि कोणी ‘टाइप वन आहे, इन्सुलिन घ्या’ एवढंच सांगून पाठवत असेल, तर जनुकाची तपासणी मागून घ्या. गोळी चालणारं निघालं तर सुया थांबतील. नाही निघालं तरी घरात कोणाच्या माथी काय मारलं जातंय ते थांबेल. माझ्या मते दुसरं पहिल्यापेक्षा कमी नाही.

रोजचं सांगते. एवढ्या बाळाला अर्धं युनिटसुद्धा जास्त होतं, म्हणून सुरुवातीला हॉस्पिटलमधूनच दहापट पातळ केलेलं इन्सुलिन मिळायचं. ते घरी करायचं काम नव्हे. दुकानात यू-४० ची बाटली (एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) आणि यू-१०० ची (१०० युनिट), दोन्ही असतात. सिरिंज त्या-त्या बाटलीचीच हवी, लाल टोपणाची ४० ला, केशरी १०० ला. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं ओढलं तर अडीचपट जातं. मेडिकलवाला घाईत असला तरी मी टोपण बघितल्याशिवाय पैसे देत नाही. लाइट गेली तर बाटली मातीच्या भांड्यात ओल्या फडक्यात. रात्री दूध पाजताना टाचेला टोचायचं, सत्तरच्या खाली असेल तर आधी दूध किंवा ग्लुकोजचं पाणी, मग पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. घुटीत मध सासूबाईंनी स्वतःच बंद केला. वर्षाच्या आत मध कुठल्याच बाळाला देऊ नये, हे त्यांना आशाताईंनी सांगितलं. आता त्या माझ्याआधी उठून विचारतात, “किती आली गे?” आणि कॅलेंडरवर आकडा लिहितात. अंगणवाडीत घालायच्या वेळेसाठी मी एक वही करतेय, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड. कन्नडचं पान आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलीनं लिहून दिलं.

एक गोष्ट मात्र मनात राहते. लेक मोठी होऊन आई झाली तर तिच्या प्रत्येक बाळाला हे यायची शक्यता निम्मी. ते तिला कधी आणि कसं सांगायचं, यावर आम्ही दोघं अजून बोलतोय. लग्नाचं काय, असं आत्ताच विचारणाऱ्यांशी मी बोलत नाही.

माझ्या नणंदेला आता सातवा महिना आहे. ती घाबरली होती, आपल्याही बाळाला होईल का म्हणून. मी तिला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी रिपोर्ट परत वाचला आणि म्हणाले, हा बदल तुमच्या भावातच नाही, त्यामुळे या कारणासाठी तुमची वेगळी तपासणी नको. परतताना ती खडेबाजारात उतरली आणि बाळासाठी दुपट्याचं कापड घेतलं.